ठमाबाईचे पंधरा दिवस

"किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पंधरा दिस झालं," आई म्हणाली आणि शेजारी बसून मी मान डोलावली. मला खरोखरच पंधरा दिवसच माहीत होते. पंधरा दिवसांपूर्वी तिने मोरिवलीहून फोन केला होता, "जिज्ञा, छातीला काय तरी लागतंय हाताला, तू येशील काय?" आणि मी काही बोलायच्या आत, वालाच्या शेंगा आल्यात, पाठवू का, असं विचारलं होतं. गाठ आणि शेंगा एकाच दमात. माझी आई अशीच आहे.

"घरात कुणाला असं काही झालं होतं? तुमची आई, बहीण, मावशी?"

"नाय वो बाय. कोनाला नाय."

डॉक्टरबाईंनी फॉर्मवर त्या ओळीपुढे रेघ मारली. पण पेन खाली ठेवलं नाही. "रिपोर्ट आला की मी हे पुन्हा विचारणार आहे. घरी नीट आठवून या. त्यावरून तुमचं पुढचं ठरतं आणि तुमच्या या मुलीचंही." आई पदर सारखा करत होती. तो आधीच सारखा होता.

सुई टोचून तुकडा काढला तेव्हा मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोरच्या टीव्हीवर सिमेंटची जाहिरात लागली होती. ती मी चार वेळा पाहिली. भीती वाटायला हवी होती, रडूही यायला हवं होतं. दोन्ही आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं मला सगळंच वाटत होतं. आई बाहेर आली ती नर्सशी हुज्जत घालतच. "यावर हलद लावू का?"

"काहीच लावायचं नाही मावशी. हळद तर नाहीच नाही."

हे आईला सांगणं म्हणजे कमालच होती. माझी आई ढवळारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून सगळे विधी ढवळे गाऊन होतात आणि ते गाणारी बाई म्हणजे ढवळारीण. मोरिवलीत आणि आसपासच्या चार गावांत तिच्याशिवाय मांडवात पाटा हलत नाही. लग्नसराईभर तिची बोटं पिवळी असतात. घरातल्या मेलेल्या-जिवंत सगळ्यांची नावं ती ढवळ्यात ओवते आणि दुसऱ्यांच्या सात पिढ्या तिला पाठ असतात. फक्त स्वतःच्या घरातलं डॉक्टरबाईंपुढे तिला काही आठवलं नाही.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. मी बदलापूरहून कपडे आणले आणि मोरिवलीत राहिले. सासूबाईंना सांगितलं, आईची कंबर धरलीय. हितेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खरं काय ते माहीत होतं. तो म्हणाला, "मम्मीला आत्ताच नको सांगू, टेन्शन घेते ती." मला ते पटलं, बरंही वाटलं. सासूबाईंनी लग्न ठरवताना एकच गोष्ट दोनदा विचारली होती, घरात काही आजारपण नाही ना, आणि आई हसत म्हणाली होती, "आमी शेतावची मानसं, आमाला कसला आजार?" तेव्हा मला तिच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं.

बाबांना आम्ही बायकांचं दुखणं एवढंच सांगितलं. जयदेव पाटलांना तेवढं पुरतं. ते कंपनीच्या गेटवर पहारा देतात, भोंगा झाला की जातात, भोंगा झाला की येतात. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "जेवते ना ती?" मी हो म्हटलं.

आठव्या दिवशी फोन केला तर म्हणाले, आणखी एक तपासणी करायला नमुना पुढे पाठवलाय, चार-पाच दिवस लागतील. मी "ठीक आहे" म्हटलं आणि भात टाकला. आईनेही विचारलं नाही. ती वाल सोलत होती. दोघी मिळून आम्ही एवढे वाल सोलले की शेवटी शेजारी वाटावे लागले.

मधेच शेजारच्या आनंदाकाकांच्या मुलाची हळद आली. ढवळे गायची सुपारी आईने दिवाळीतच घेतली होती. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "नाय गेली तर इचारतील का नाय आली." मग मीही गेले, तिच्या डाव्या बाजूला बसायला. आमच्याकडे हळदीला कुणी कुणाला सोडत नाही, जो सापडेल त्याला माखतात. माझं काम एवढंच होतं की तिच्या छातीवर सुई टोचलेल्या जागेला कुणाचा पिवळा हात लागू द्यायचा नाही. दोन तास मी लोकांच्या कोपरांकडे बघत होते.

आई गात होती. आवाज नेहमीचाच, खणखणीत. पण नवऱ्या मुलाला हळद लावताना तिने डावा हात वर नेलाच नाही. उजव्यानेच दोन्ही गालांना लावली.

सगुणाआत्या, आईच्या मागे झील धरणारी, तिची जुनी जोडीदारीण, माझ्या कानाशी आली. "दाखवला काय गो तिनी शेवटी?"

"काय?"

"गाठ गो. तुजे हलदीला पन हात उचलंना ती. मी तवाच बोलली, दाखव. ती बोलली, पोरगी सासरला जाऊ दे आधी." मग माझा चेहरा बघून तिला वाटलं, मी दुसऱ्याच गोष्टीने घाबरलेय. "चिमीसारका काय नाय व्हनार. चिमीनी तर कोनाला सांगितलाच नवता."

चिमीमावशी ही आईची सख्खी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती पोटाच्या दुखण्याने गेली असं मला सांगितलं होतं आणि वीस वर्षं मी तेच धरून बसले होते. मांडवात बाया पुन्हा गाऊ लागल्या. मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळ्या वाजवत होत्या.

घरी आल्यावर आई मोरीत हात धूत होती. हळद निघत नव्हती. मी दारात उभी राहून विचारलं, "कधीपासून?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. ती काळ लग्नांनी मोजते. "तुजे साखरपुड्याला वाटान्यावडी व्हती. हलदीला सुपारीवडी." म्हणजे सव्वा वर्ष.

"आणि चिमीमावशी?"

"तिचा पन तोच."

मला राग आला. बारा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं आणि तो राग होता. "सव्वा वर्ष तू गप्प बसलीस? माझ्या लग्नासाठी? मी मागितलं होतं असं लग्न?"

"मंग काय सांगायचा व्हता तुजे सासूला?" ती शांतपणे म्हणाली. "हिचे मावशीला व्हता, हिचे आयला हाय, आता पोरगी घेऊन जा? केली असती तुला त्यांनी?" तिने नळ बंद केला. "डाक्टरबाईला बोल तू. पन जावयासमोर नको."

मी म्हटलं, बोलेन. पक्कं ठरवलं. सव्वा वर्ष आणि चिमीमावशी, दोन वाक्यं. पाठांतर करावं तशी मनात म्हणत राहिले.

रिपोर्टच्या दिवशी सकाळी मी आणि आई रिक्षाने उल्हासनगरला पोचलो तर हॉस्पिटलच्या दारात हितेश उभा. हातात हेल्मेट. "सुट्टी टाकली," तो म्हणाला. "तुम्ही दोघीच कशाला?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरं झालं आलास. दुसरं काय म्हणणार होते?

नंबर यायला दीड तास लागला. सिमेंटची जाहिरात बदलली होती, आता टाइल्स होत्या. हितेशने तिघांना चहा आणला. आईने तिचा अर्धा बशीत ओतून त्याला दिला, तुमी थंडीचं गाडीवरनं आलात म्हणून. फाईल माझ्या मांडीवर होती. ती दोन वाक्यं मी अजून मनात म्हणत होते.

"ठमाबाई जयदेव," आतून हाक आली. आम्ही तिघंही आत गेलो. हितेशला बाहेर थांब म्हणणं मला जमलं नाही. काय कारण सांगणार?

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट सरळ वाचला आणि सरळच सांगितलं. कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर औषधं. आजकाल पुष्कळ बायका बऱ्या होतात. आई ऐकत होती, जसं लग्नाच्या घरी कुठले विधी कधी ते ऐकते. हितेश खुर्चीच्या कडेला सरकला.

मग त्यांनी तो फॉर्म काढला. "आता सांगा. नक्की कधीपासून आहे? आणि घरात कुणाला होता?" या वेळी त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी तोंड उघडलं. दोन्ही वाक्यं तयार होती. डाव्या हाताला हितेश होता, त्याच्या शर्टाला आमच्या घरातल्या साबणाचा वास होता. मला सासूबाईंचं स्वयंपाकघर दिसलं, ओट्याशी त्या आणि मी. आणि मी म्हटलं, "पंधरा दिवस. म्हणजे आता महिना होत आला. घरात कुणाला नाही."

स्वतःचा आवाज मी नीट ऐकला. तो अगदी आईसारखा होता, हजरजबाबी. सव्वा वर्षाचा जाब मी मोरीच्या दारात उभी राहून विचारला होता आणि माझी पाळी आली तेव्हा मला चार सेकंदही लागले नाहीत. मला स्वतःची लाज वाटली.

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. मग डॉक्टरबाईंच्या टेबलावर हात ठेवला. बोटं अजून पिवळी होती.

"बाय, पोरगी खोटा बोलते," ती म्हणाली. "मीच शिकवलाय तिला. सव्वा वरीस झाला मना. माजी सख्खी भैन यानीच गेली, चिमी. चाळीसची पन नवती. लिवा." डॉक्टरबाई लिहू लागल्या. आई थांबली नाही. "माजा व्हील काय व्हयाचा तो. पयली हिला तपासा."

खोलीत पंखा फिरत होता. थंडीत तो कुणी लावला होता कोण जाणे. मी हितेशकडे बघितलं नाही.

"तुमचं वय?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"एकोणतीस."

त्यांनी तेही लिहिलं, आईच्या नावाखाली, मग वेगळा कागद घेऊन त्यावर माझं नाव विचारलं. मी सांगितलं, जिज्ञासा हितेश. फाईल माझ्या हातातून घसरत होती. हितेशने ती घेतली आणि आपल्या हेल्मेटवर ठेवून दोन्ही हातांनी धरली. आई उठली आणि आत तपासणीच्या पडद्याकडे बोट करून म्हणाली, "जा, मी हाय हितं."