सोबतीचा कारागीर

घण डोक्याच्या वर गेला आणि तिथंच थांबला.

लोहारानं हातोडीनं लालभडक कुदळीवर टक्क केलं. घण खाली येईना. त्यानं पुन्हा टक्क केलं. लाल होती ती कुदळ विटकरी झाली, विटकरीची काळपट झाली, आणि बायको आपली घण पेलून तशीच उभी, जणू छपराला टेकू दिलाय.

"अगं, मार ना! गार होतंय!"

"सोबतीचा कारागीर म्हणून कुणाचं नाव घातलंत?"

लोहारानं कुदळ परत निखाऱ्यांत खुपसली आणि उगाचच सांडशी फडक्यानं पुसायला घेतली. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यानं सांडशी पुसलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली.

"कुठं म्हणतेस?"

"गाळ्याच्या अर्जात. सकाळी पेटी झाडताना सापडला. मला अक्षर लावायला वेळ लागतो, पण लागतं."

रस्ता रुंद होणार होता, त्यात त्यांची भट्टी जाणार होती. बदल्यात नव्या बाजारात गाळा मिळायचा होता, पण अर्जावर दोन नावं हवी होती. एक कारागिराचं, दुसरं त्याच्या सोबतीनं काम करणाऱ्याचं. गाळा त्या दोघांचा. एकाला काही झालं तर दुसऱ्याचा.

"पैलवानाचं घातलंय," लोहार सांडशीकडं बघत म्हणाला. "नगराध्यक्षांचा पुतण्या आहे. त्याचं नाव असलं की गाळा पहिल्या रांगेत. अगं, कागदावर नाव त्याचं, घण तुझाच! तुला काय फरक पडतो?"

तिनं घण खाली ठेवला. आदळला नाही, ठेवला. समोरच्या टपरीतल्या चहावाल्यानं ते पाहिलं आणि मुकाट्यानं आपले पेले आत सरकवले.

कारण तिचा राग आरडाओरडीचा नव्हता. राग आला की ती कामाला लागायची. मागं एकदा धाकटा दीर तिच्या माहेरावरून काही बोलला, तर तिनं रागाच्या भरात घराभोवती पुरुषभर उंचीची भिंत घातली. दीर तेवढ्यात बिडी ओढायला बाहेर गेला होता. आत कसं यावं म्हणून तो तीन दिवस शिडी मागत हिंडत होता. ही हकीगत चहावाला सांगायचा, आणि खोटं वाटत असेल तर भिंत दाखवायचा. तिनं आजवर मारलेले घाव एकावर एक रचले तर चंद्राला शिडी लागेल, आणि उरलेल्यात चार चांदण्या ठोकून घट्ट करता येतील, हेही त्याचंच म्हणणं. पण त्यातली निम्मी थाप काढली तरी उरायचं ते खरंच होतं. आसपासच्या सात गावांत अशी विहीर नव्हती, जिचा पहिला खड्डा तिनं ठोकलेल्या पहारीनं घेतला नव्हता.

"उद्या तुम्हाला काही झालं," ती म्हणाली, "तर मी त्या पैलवानाच्या दारात उभं राहायचं का?"

"मला काय धाड भरलीय काही व्हायला?"

"तेच विचारतेय मी. काय धाड भरलीय तुम्हाला?"

"हे बघ, परवा नगरपालिकेचे साहेब काम बघायला येणारेत. तेवढा वेळ तू आत बस. बाईच्या हातात घण बघितला की लोक हसतात."

"सव्वीस वर्षं कोण हसलं?"

लोहाराला एकही नाव आठवेना. हसायची कुणाची छाती झाली नव्हती, हे त्याला आठवलं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

त्यानंतरचे दोन दिवस तिनं घरातली सगळी भांडी घासली, ती झाल्यावर शेजारणीची घासली. शेजारणीची कढई मूळची काळी नव्हतीच, हे त्या दिवशी गल्लीला कळलं.

साहेब आले ते सकाळी दहाच्या सुमाराला. बारीक अंगाचे, सर्दी झालेले, बगलेत फाइल. पैलवान आधीच हजर होता. नवा बनियन, दंडांना तेल, आणि घण असा खांद्यावर टाकलेला, जणू विचारतोय, फोटो कधी काढताय. ती आत गोणपाटाच्या पडद्यामागं पाटावर बसली होती. फटीतून तिला ऐरण दिसत होती.

"तुम्ही एकत्र किती वर्षं काम करता?" साहेबांनी नाक पुसत विचारलं.

"सव्वीस," लोहारानं पाठ केलेलं सांगितलं.

साहेबांनी पैलवानाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि तुमचं वय?"

"चोवीस," पैलवान अभिमानानं म्हणाला.

"जन्माच्या आधी दोन वर्षं नुसता घण उचलून बघत होता, साहेब," टपरीतून चहावाला म्हणाला. "मारायला नंतर लागला."

जमलेले लोक हसले. पडद्यामागं ती हसली नाही. नवऱ्याची मान कशी लाल होत गेली, ते ती बघत होती, आणि त्यानं तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

"बरं, काम दाखवा," साहेब म्हणाले.

लोहारानं कुदळीचा तापलेला तुकडा ऐरणीवर धरला. या कामात बोलायला जागा नसते. लोहार हातोडीनं लोखंडावर जिथं टक्क करेल, तिथं घण पडायचा. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली, की थांबायचं. त्याआधी घणवाल्यानं थांबायचं नाही, मग हात तुटून पडोत. हा नियम तिला चांगला ठाऊक होता. थोरली मुलगी पोटात असताना, सातव्या महिन्यात तिनं "जरा थांबू का?" म्हणून विचारलं होतं, तेव्हा लोहारानं तो पहिल्यांदा ऐकवला होता.

पैलवानाला मात्र कुणी काही ऐकवलं नव्हतं. लोहारानं लोखंडावर टक्क केलं, त्यानं धाडकन घण घातला, तो टोकाच्या वीतभर अलीकडं. लोहारानं थांब म्हणून ऐरणीवर हातोडी वाजवली. पैलवानाला वाटलं, आता इथं मारायचं. त्यानं सगळा जीव एकवटून ऐरणीवरच घण हाणला. घण उसळून त्याच्या कपाळाला शिवून परत आला. पुढचा घाव लोखंडाच्या कडेवर बसला. तुकडा सांडशीतून सुटला, साहेबांच्या फाइलीवरून वारा घालत गेला आणि चहावाल्याच्या दुधाच्या पातेल्यात पडला. खाली चूल विझलेली असताना दूध उतू गेलेलं गावानं प्रथमच पाहिलं.

"वहिनी," चहावाला पातेलं उचलत ओरडला, "आता तरी बाहेर या! नाहीतर पुढचा मला लागतोय!"

साहेबांनी फाइल मिटली. "मला वाटतं, हा अर्ज..."

ते पुढं बोलायच्या आत ऐरणीवर तीन ठोके पडले. सावकाश, एकामागून एक. ती स्वयंपाकाला आत गेली असली की लोहार तिला असं बोलवायचा. हाक मारायची त्याला सवय नव्हती. "अगं" म्हणायला समोर यावं लागतं, आणि नाव तर त्यानं लग्नानंतर एकदाही घेतलं नव्हतं.

ती उठली नाही. तीन ठोके पुन्हा पडले. या खेपेला तिसरा जरा हलका होता.

जाऊ दे गाळा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. बसू दे या माणसाला रस्त्याच्या कडेला खिळे सरळ करत. तिनं पाटावर हात दाबला, आणि त्याच हाताच्या रेट्यानं उठून उभी राहिली. पदर खोचला, पडदा बाजूला केला.

पैलवान कपाळाला गार पाण्याचं फडकं लावून बसला होता. तिला बघून त्यानं दोन्ही हातांनी घण पुढं केला.

"काकी, घ्या बाई तुमचं तुम्ही. माझ्यानं नाही व्हायचं."

"मला नको. त्यांना दे."

लोहारानं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्या एका हातातून सांडशी काढून घेतली, दुसऱ्या हातातून हातोडी, आणि निखाऱ्यांतून दुसरी कुदळ ओढून ऐरणीवर धरली. ठिणग्या तिच्या मनगटावर पडल्या, तिनं त्या झटकल्या नाहीत. मग टोकापासून दोन बोटांवर टक्क केलं.

लोहारानं घण उचलला. पहिला घाव बाजूला पडला. तिनं तिथंच पुन्हा टक्क केलं. दुसरा घाव बसला. टक्क, घण. टक्क, घण. कुदळीचं टोक निमुळतं होऊ लागलं. लोक हसायचे थांबले. चहावाला पातेलं हातात घेऊनच टपरीबाहेर आला.

साहेबांनी फाइल उघडली. पैलवानाच्या नावावर आडवी रेघ मारली आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"इथं काय नाव लिहू?"

लोहाराचा श्वास भात्यासारखा चालला होता. त्यानं बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि ऐरणीकडं पाहिलं, थांबायची खूण कधी वाजते म्हणून. हातोडी लोखंडावरच पडली. त्यानं घण मारला. पुन्हा लोखंडावर पडली. पुन्हा मारला.

मग घण वर असतानाच त्यानं तिचं नाव घेतलं.

तिच्या कानशिलाची शीर जराशी हलली, पण मान वर झाली नाही.

"काय?" साहेब नाक पुसत पुढं झाले. "या आवाजात ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं सांगा."

लोहारानं घामाच्या आडून बायकोकडं पाहिलं.

तिनं कुदळ उलटली आणि लाल बाजूवर टक्क केलं.