पूजेला बसलेली डायरी

समृद्धीच्या माहेरी, म्हणजे डोंबिवलीच्या कोपरला, तिचं एक नाव लग्नाआधीच पक्कं झालं होतं: आरंभशूर. कथक सुरू केलं ते घुंगरू विकत घेण्यापर्यंत टिकलं. केकच्या क्लाससाठी घेतलेला ओव्हन आईकडे अजून आहे, त्यात आता पापड ठेवतात. यूट्यूबवर तिचं चॅनल आहे, त्यात एकच व्हिडिओ आहे आणि त्यात ती हसत हसत सांगते की दर शुक्रवारी नवा व्हिडिओ येईल. लग्न होऊन ती ठाण्याला, कोलशेत गावात आली तेव्हा भांडीकुंडी मागाहून टेम्पोतून आली. हे नाव मात्र तिच्या आधीच पोचलं होतं.

सासू ठमाबाईंनी ते आपल्या आगरी बोलीत बसवून घेतलं. "हिचा काय, धरला नि सोरला," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. सोडलाचा सोरला झाला म्हणून काही कमी बोचत नाही.

तसं म्हणायचा त्यांना अधिकारही होता. ठमाबाई आसपासच्या गावांत नावाजलेल्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एकेक विधी जिच्या गाण्यावर पार पडतो ती बाई. समोर डीजे दणदणत असो, नवऱ्याचा मामा नाचता नाचता पडो, ठमाबाईंनी धवला, म्हणजे विधीचं गाणं, उचलला की तो शेवटच्या शब्दापर्यंत जाणार. लिहायला-वाचायला त्यांना कुणी बसवलं नाही, सहीपुरतं काय ते येई; पण डोक्यात शेकडो धवले, आणि कुठल्याच धवल्यातला शब्द इकडचा तिकडे नाही. अशा बाईच्या पदरात धरसोडीची सून पडावी, ही देवाचीच थट्टा म्हणायची.

डायरीचे प्रयोगही आधी झाले होते. जानेवारीचा पहिला आठवडा भरलेला आणि पुढचं वर्ष कोरं, अशा तीन-चार डायऱ्या कपाटात पडून होत्या. मुलगी वल्लरी त्यांत घरं आणि मांजरं काढायची. या वर्षी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात वल्लरीने चित्रांचा क्लास सोडते म्हणून जाहीर केलं. समृद्धीने तिला समोर बसवून चिकाटीवर चांगलं व्याख्यान दिलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि साधेपणाने म्हणाली, "पण मम्मी, तू पण सगळं सोडतेसच ना."

सासूच्या शंभर टोमण्यांनी झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. गुढी उतरवायच्या आत समृद्धीने लाल रेक्झीनची डायरी आणली आणि मनाशी ठरवलं की या वेळी एकही दिवस चुकवायचा नाही. कुणाला सांगितलं मात्र नाही. सांगितलं की अर्धा उत्साह तिथेच संपतो, एवढं तिला स्वतःबद्दल कळलं होतं.

पहिले काही दिवस तिने मोबाइलवर आलेले सुविचार उतरवले. ते लवकरच आटले. मग 'आज काही सुचत नाही' असं दोनदा लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शेवटी तिने एक युक्ती केली. रोज चार वाजता गच्चीवरची टाकी भरायला ती मोटर चालू करायची. मोटर चालू असेपर्यंत लिहायचं, बंद केली की पेन खाली. आणि लिहायचं ते फक्त आजचं, जे उद्या कुणाला आठवणार नाही ते. खाडीवरून आलेला वास आज गोडसर होता. समोरच्या टॉवरच्या अर्धवट मजल्यावर कुणीतरी लुगडं वाळत घातलंय. वल्लरीचा दात हलतोय. आईंनी भरल्या घरात मला बोल लावले, मी भाकरी जाळली ती मुद्दाम.

आणि काय सांगावं, डायरी चालली. ताप आला त्या दिवशी तिने 'आज ताप' एवढंच लिहिलं, पण लिहिलं. बहिणीच्या हळदीला कोपरला गेली तेव्हा हॉलच्या बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून लिहिलं. कधी लिहिता लिहिता भान राहायचं नाही, टाकी भरून पाणी भिंतीवरून धो धो वाहायचं आणि खालून नवरा मितेश बोंब मारायचा. त्याचे पाण्याचे टँकर. थेंब वाया गेला तरी त्याचा जीव तुटायचा. भिंतीला शेवाळ धरलं. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र आलं. आता समृद्धी चालताना मान जरा वर ठेवून चालू लागली होती, आणि त्याचं कारण तिला एकटीलाच माहीत आहे असा तिचा समज होता.

दसऱ्याच्या सकाळी ती दाराला तोरण बांधून आत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. देवघरासमोरच्या पाटावर दरवर्षीसारखी हत्यारं मांडली होती. कोयता, टँकरच्या चाव्या, आणि मिठागरावर मीठ ओढायचं सासऱ्यांचं लाकडी फावडं. सासरे गोपीनाथ जाऊन बरीच वर्षं झाली, मिठागरं त्याच्याही आधी गेली, पण त्या फावड्याचा मान पहिला. आणि आज त्या फावड्याला टेकून तिची लाल डायरी उभी होती. वर हळद-कुंकवाची बोटं, झेंडूचं फूल, शेजारी तिचं पेन.

आता या घराचा नियम असा, की पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या सकाळी फूल उतरेपर्यंत हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम. एका वर्षी ठमाबाईंनी मितेशचा मोबाइल पाटावर ठेवला होता, तो दिवसभर तिथे वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. तेव्हापासून मितेश दसऱ्याला मोबाइल खिशाबाहेर काढताना आधी आई कुठे आहे ते बघतो.

समृद्धीच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके महिने एकही दिवस चुकला नव्हता, आणि चुकवायला निघाली होती ती घरातलीच पूजा. तिला वाटलं, सासूने मुद्दाम केलं. तिने विचारलं तेव्हा आवाज चढलाच. ठमाबाई शांतपणे फुलं वाहत राहिल्या. मितेशने मध्ये पडून म्हटलं की दुसऱ्या कागदावर लिही नि उद्या चिकटव, त्यात काय एवढं. त्यावर ठमाबाईंनी त्यालाच विचारलं, तुझे टँकर पूजेला उभे आहेत, तर आज भाड्याचा आणून पाणी टाकणार आहेस का. "हत्यार बसला का काम बी बसला," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

दुपारचं जेवण समृद्धीला गोड लागलं नाही. आपण पुन्हा तीच, हे तिच्या मनातून जाईना. चार वाजता सवयीने तिने मोटर चालू केली आणि रिकाम्या हातांनी खिडकीपाशी उभी राहिली. तेवढ्यात ठमाबाई आल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि तिलाही समोर बसायला सांगितलं.

"रोज याच टायमाला लिवतंस ना? पानी भिंतीवरशी येतं तवा मना कलतं, आज लय लिवलान." मग म्हणाल्या, "तू सांग. मी ध्यानान ठेवतंय. उद्या फूल उतरला का उतरव."

समृद्धीला आधी हसू आलं आणि मग धसकाच बसला. डायरीत सगळ्यात जास्त वेळा जिचं नाव होतं ती बाई समोर पाय पसरून बसली होती. गोडगोड काहीतरी सांगून सुटता आलं असतं. पण खोटं लिहायचं तर इतके महिने केलं ते काय, असं तिला वाटलं. तिने डोळे मिटले आणि सांगायला लागली. सकाळी तोरण बांधताना हाताला तार लागली. वल्लरीने सोनं म्हणून आपट्याऐवजी कढीपत्त्याची पानं आणली. डायरी पाटावर बघून मला आईंचा राग आला, इतका की त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं नाही. जेवताना पुरी घशात अडकली. हा एक दिवस गेला तर मी पुन्हा आधीची होईन अशी मला भीती वाटते.

ठमाबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. डोळे अर्धवट मिटून त्या डोलत ऐकत होत्या. तेवढ्यात भिंतीवरून पाणी कोसळलं आणि खालून मितेशची बोंब आली.

दुसऱ्या सकाळी ठमाबाईंनी फुलं उतरवली, डायरी कपाळाला लावली आणि सुनेच्या हातात दिली. मग धवल्याच्याच संथ चालीत त्यांनी सांगायला सुरुवात केली. तार, कढीपत्ता, सगळं त्याच क्रमाने. राग आला तिथे समृद्धीचं पेन अडखळलं. हे राहू दे, असं ती पुटपुटली.

"राहू नको दे," ठमाबाई म्हणाल्या. "मधला गालला तं धवला तुटतं. राग आयला तो बी लिव."

तिने लिहिलं. पुरी लिहिली, भीतीही लिहिली. भिंतीवरचं पाणी आणि मितेशची बोंब तिने सांगितली नव्हती, ती ठमाबाईंनी आपणहून घातली. मग तिने टोपण लावायला घेतलं, तर ठमाबाईंनी हात धरला.

"एक राह्यला. लिव. माज्या सुनेनी धरला, सोरला नाय."

हे मी काल बोलले नव्हते, असं समृद्धीने सांगून पाहिलं.

"तू नाय बोललीस. मी बोलतंय. तुज्या सासऱ्याचा फावरा हाय, त्याचे शेजारी कोनाला बी नाय बसवत मी."

समृद्धीने ते सासूच्या बोलीत, जसं ऐकलं तसं लिहून काढलं. ठमाबाईंनी ते कुठे लिहिलंय ते विचारलं आणि त्या ओळीखाली बोट टेकून थोडा वेळ नुसत्या बघत बसल्या. बोटाची हळद कागदाला लागली. समृद्धीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा इतका अभिमान वाटला की तिने तो लपवलाही नाही. शाळेतून आल्याबरोबर वल्लरीला तिने ते पान दाखवलं.

आता चार वाजता मोटर चालू झाली की ठमाबाई स्वतः बटणाशी खुर्ची टाकून बसतात आणि टाकी भरली की बंद करतात. परवा शेजारीण विचारत होती, घरात तरणी सून असताना तुम्ही का बसता म्हणून. ठमाबाईंनी तिला आधी हळू बोलायला सांगितलं, आणि मग उत्तर दिलं.

"माजी सून लिवतंय."