पांढरी चौकट

सोनालीताईंनी शेडकार्डावर बोट ठेवलं तो जांभळा जवळजवळ काळाच होता. मी म्हणालो, खोली गुहेसारखी होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे. भिंती चारही जांभळ्या, दार आणि चौकट मात्र पांढरीशुभ्र, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. कारण सांगितलं नाही. वडिलांचं अधूपण रंगाऱ्याला कशाला सांगतील?

कारण नंतर कळलं. ताईंचे वडील, रामदासकाका, यांची नजर विझत चालली होती. फिकट भिंतीत फिकट दार त्यांना सापडत नसे. गडद भिंतीत पांढरी चौकट अजून दिसायची. ताई दिवसभर खराडीच्या कंपनीत. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला बाथरूमपर्यंत कुणी हात धरून न्यावं, हे सोसत नव्हतं. मी दाराशेजारी नमुन्याचा पट्टा मारला तेव्हा काका खुर्चीतून म्हणाले, "दिगंबर, दार डावीकडे आहे," आणि हसले. मला वाटलं, म्हातारा बडबडतोय.

पुढे चार दिवस बापलेक नाशिकला गेले आणि किल्ली माझ्याकडे राहिली. गिऱ्हाइकाला काय कळतं, हा माझा जुना रोग. आमच्या मांजरी गावात उसाची शेतं जाऊन टॉवर आले होते, तिथल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये मी भिंत आणि दार एकाच रंगात पाहिलं होतं. काय झोकात दिसायचं! त्या पांढऱ्या दाराने माझी खोली ठिगळ लावल्यासारखी दिसत होती. मी त्याच शेडचा ऑइल पेंट पदरचे पैसे घालून आणला आणि दार, चौकट सगळं रंगवून टाकलं. ताईंना सरप्राइज.

नाशिकहून परतल्यावर काका आत आले. खोलीच्या मधोमध उभे राहिले, मग भिंतीवरून हात फिरवत निघाले. एक भिंत संपली, दुसरी लागली.

"दिगंबर, दार कुठे गेलं रे?"

तेव्हा ताईंनी मला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दार घासायचं, प्रायमर मारायचा, वर पांढऱ्याचे दोन हात. तीन दिवसांचं काम. पण मांजरीच्या एका टॉवरचं काम घेतलं होतं, त्या बिल्डरची घाई होती. ताईंचे फोन येत, मी म्हणे, पुढच्या आठवड्यात नक्की. असे तीन महिने गेले. मला लाज वाटत होती, म्हणूनही गेलो नाही. हेही खरंच.

दिवाळी उलटल्यावर गेलो. इतकं नितळ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. रंगाचा दुसरा हात वाळला तेव्हा काका पलंगावर बसले होते.

"झालं का?"

"झालं, काका. बघा की."

ते उठले. मान वर करून बराच वेळ पाहत राहिले.

"वा. स्पष्ट दिसतंय हं आता. पांढरंशुभ्र."

त्यांचं तोंड कपाटाच्या बाजूला होतं. दार त्यांच्या पाठीमागे होतं.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, बोलू नका म्हणून.

"व्हय काका," मी म्हणालो, "चांगलं दिसतंय."

मग ब्रश खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.