थंड इंजिनाचे लाड

आमचे हे बोटीवर इंजिनवाले. खोलीएवढ्या त्या इंजिनाचे जेवढे लाड केले, तेवढे पोटच्या पोरांचे केले नाहीत. बदल्यात मिळालं काय, तर छातीत धूर. पुन्हा त्या धुरात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हापासून हे घरी. खोकतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. मी अगदी विटून गेलेय.

मग कंपनीनं तेलबियांपासून केलेलं नवं इंधन आणलं. धूर कमी झाला तर बोट त्याच्यावरच चालणार होती. साहेब म्हणाले, "चाचणी जमली तर तुम्ही पुन्हा इंजिनावर. नाही जमली तर निदान गोदामात बसवू." चला, दोन्हीकडून पोटाची सोय होती.

चाचणीच्या दिवशी धुराड्यातून काळेकुट्ट लोट निघाले. तपासनीस बाईंनी मान हलवली. जुनंच डिझेल चालू राहणार, असं ठरल्यासारखं झालं.

घरी आल्यावर हे चहाला हात लावेनात. खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलले.

"सकाळी कुणी नसताना इंजिनाच्या खोलीत जाऊन आलो. थंड इंजिनाला एकदम नवं पाजायचं नाही, ही माझी सवय. जरा जुनं डिझेल देऊन गरम केलं. ते नळीत राहिलं असणार. धूर त्याचा होता."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "आता हे सांगितलं तर?"

"न विचारता हात लावला म्हणून काढून टाकतील. गोदामही गेलं."

"मग गप्प बसा." हो, मीच म्हटलं. थकलेय मी, काय करू?

"खाली तिघं काम करतात गं," हे म्हणाले. "त्यांचीही छाती माझ्यासारखीच होईल." आणि चपला घालून निघाले.

चाचणी पुन्हा झाली. धूर दिसेना. इंधन बदललं, यांना मात्र कायमचं घरी बसवलं.

काल त्या तिघांपैकी एकाची बायको भेटली. म्हणाली, नवऱ्याचे कपडे हल्ली एका पाण्यात निघतात. बरं झालं, म्हटलं. मनातून जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू.

घरी आले, तर हे खिडकीशी धक्क्याकडे कान लावून बसलेले. "ऐक," म्हणाले, "कसं मस्त चाललंय."

मला यांच्या खोकल्यापुढे काहीच ऐकू आलं नाही. मी हो म्हटलं.