वेंगेचा काळा खुंटा

मी वेंगे नावाच्या आफ्रिकेतल्या झाडाचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. रंग गडद, त्यात बारीक काळ्या रेघा. माझं नाव संभाजीनगरात घरोघरी माहीत आहे; पण ते सनमायक्याच्या एका रंगाला माझं नाव दिल्यामुळं. कपाटाला चिकटवलेल्या त्या कागदी वेंगेवर बोटं फिरवून गिऱ्हाईक म्हणायचं, ओरिजिनल दिसतंय. ओरिजिनल मी मागं भिंतीला टेकून ऐकायचो.

कुण्या बंगल्याच्या जिन्याच्या कामातून उरलो आणि कमरोद्दीन मिस्त्रीच्या कारखान्यात पडलो. सागाच्या फळ्या जोडीनं यायच्या, जोडीनं जायच्या. माझ्या जातीचं तिथं कुणीच नव्हतं. मी वजनानं जड. करवतीची धार खातो, हाताला कुसळं टोचवतो, भुशानं शिंका आणतो. खिळ्याआधी भोक पाडावं लागतं. दोष सगळ्यांना पाठ होते. सहजी झिजत नाही, हा गुण कुणी विचारलाच नाही.

एका दुपारी फुलंब्रीच्या आवडाबाई आल्या. लेकीच्या, सायलीच्या लग्नाची हळद दुसऱ्या दिवशी जात्यावर दळायची होती, आणि जात्याचा खुंटाच मोडला होता, म्हणून वरचा दगडच सोबत आणला होता. सोबतची जाऊ, लक्ष्मीबाई, मिक्सरचं नाव काढून बसली होती. मिस्त्रींनी मला उचललं, तशी ती म्हणाली, "शुभकार्यात काळं लाकूड व्हय?"

"मंगळसूत्राचे मणी काय पांढरे असत्यात?" आवडाबाई म्हणाल्या.

मला तासून खुंटा केला. दगडाच्या भोकात बसेना, म्हणून लक्ष्मीबाईंनी हातोडा उचलला. मिस्त्रींनी हात आडवा घातला. "भाभी, हे दबत नाय. ठोकलं तर दगड फुटंल, मग कशावर दळता?" ते तासत राहिले, घालून बघत राहिले. शेवटी मी नुसत्या तळहातानं बसलो.

हळद झाली. पिवळे हात, गाणी, थट्टेचे चिमटे. सायली आईच्या समोर बसून मला फिरवत होती. मग ती सासरी गेली आणि जात्यावर पोतं पडलं.

परवा आवडाबाईंनी पोतं काढलं. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, म्हणून मूठभर ज्वारी टाकली. पीठ डब्यात भरलेलंच होतं. समोरची जागा मोकळी ठेवून त्या एकट्या दळत बसल्या.

मित्रांनो, लाकडाला पॉलिशपेक्षा माणसाचा हात मानवतो. माणसाचंही तसंच असावं. कधी फुलंब्रीला आलात, तर आवडाबाईंच्या समोर बसा. दळण नसलं तरी चालेल.