बोर्ड रंगवायला दिलाय

दुसऱ्या मजल्यावरच्या ज्यू सामायिक कार्यालयात सगळे एका विचारानं काम करतात, असं माहितीपत्रकात छापलं होतं. ते व्यवस्थापिकेनंच लिहिलं होतं आणि लिहिताना तिला जराही लाज वाटली नव्हती. प्रत्यक्षात तिथे सगळ्यांची मिळून एकच गोष्ट होती, ती म्हणजे मालकानं दिलेला प्रिंटर, आणि त्यावरून रोज जुंपायची. म्हाताऱ्यांना घरपोच जेवण पोचवणारी संस्था, निर्वासितांना फुकट सल्ला देणारी वकीलबाई, दफनाची व्यवस्था पाहणारं मंडळ आणि आपण नेमकं काय करतो हे स्वतःलाच नीट सांगता न येणारे दोन सल्लागार, अशी मंडळी एका हॉलमध्ये एकमेकांचे फोन ऐकत बसत. शुक्रवारी ऊन कलायला लागलं की शब्बाथसाठी, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसासाठी, सगळे लगबगीनं निघत. तेवढा वेळ वाद नसे, कारण वेळच नसे.

एका सोमवारी सकाळी रस्त्याकडच्या दारावरच्या बोर्डाला कुणीतरी काळा रंग फासलेला दिसला. नेमका ‘ज्यू’ हा शब्द झाकला होता. ‘सामायिक कार्यालय’ याबद्दल त्याची काही तक्रार नसावी.

इमारतीचा मालक व्यवस्थापिकेकडे धावत आला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्रास दोघांचा सारखाच होतो.

“ताई, बोर्ड उतरवू या. नुसतं ‘दुसरा मजला’ लिहू. यायचंय त्याला माहीत असतंच.”

“आणि माहीत नाही त्यानं?”

“त्यानं कशाला यायचं?” मालक म्हणाला. मग आवाज खाली आणून, “करार संपत आलाय. नव्या करारात मी तसं कलमच घालतो. दारावर नाव नाही, भानगड नाही.”

संध्याकाळी तिनं आईला फोन केला. आई मालकाच्या बाजूची निघाली. “काढ गं बाई. आपल्या दारावर तरी नाव कुठे होतं?”

नव्हतंच. त्यांच्या बेलवर आधीच्या भाडेकरूचं आडनाव शेवटपर्यंत तसंच राहिलं होतं. दाराच्या चौकटीवर लावायची मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेली ती बोटाएवढी डबी, आईनं कपाटाच्या आतल्या बाजूला ठोकली होती. बाहेर जाताना आई कपाट उघडायची, डबीला बोटं लावायची आणि कोट काढायची. देव कोटांच्या मागे राहतो, अशी मुलीची बरीच वर्षं समजूत होती.

“आम्ही काय मेलो का त्यानं?” आई म्हणाली.

“नाही,” व्यवस्थापिका म्हणाली. “पण माझी एकही मैत्रीण कधी घरी आली नाही.”

गुरुवारी मालकानं स्वखर्चानं एक सुरक्षा सल्लागार पाठवला. त्यानं पडद्यावर इमारतीचा नकाशा लावला, दारावर लाल बाण काढले आणि नाव दिसणं हाच मुख्य धोका कसा आहे ते सांगितलं. सगळे गप्प होते. ही माणसं गप्प बसलेली व्यवस्थापिकेनं आजवर पाहिली नव्हती. हे मान्य करणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली. सल्लागारानं डब्यातलं मटण आणि चीज भरलेलं सँडविच काढलं आणि दुधाच्या पदार्थांसाठी राखलेल्या मायक्रोवेव्हमध्ये सरकवलं. ज्यू आहारनियमाप्रमाणे तिथे दूध आणि मांस एका भांड्यात, एका ओट्यावर, एका कपाटातही भेटत नसत. इथे तर दोन्ही एकाच पावात नांदत होती.

मग जे पेटलं ते विझेना. दफन मंडळाचे काका म्हणाले, मायक्रोवेव्ह शुद्ध करायला एक दिवस बंद ठेवा आणि मग आत पाणी उकळून वाफ काढा. जेवणवाली म्हणाली, वाफेनं काही होत नाही, फेकून द्या. वकीलबाई म्हणाली, फेकायचा असेल तर आधी तो कुणाचा आहे ते ठरवा. पडद्यावर लाल बाण तसेच लुकलुकत होते.

“माफ करा,” सल्लागार शेवटी म्हणाला, “मी धोक्याबद्दल बोलत होतो.”

“आम्हीही,” काका म्हणाले.

व्यवस्थापिकेला एकदम हलकं वाटलं. तिनं तिथल्या तिथे विचारून टाकलं, “बोर्ड काढायचा नाही, असं कोणाकोणाला वाटतं?”

सगळे हात वर गेले. काकांनी आपलाही हात वर असल्याचं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“एकमत? काहीतरी चुकतंय. आमच्या जुन्या न्यायालयात सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं फाशी दिली तर आरोपीला सोडून देत. म्हणत, कुणी विचारच केलेला नाही. कुणीतरी विरोध करा.”

वकीलबाईनं हात खाली घेतला. “माझा विरोध. एवढाच बोर्ड परत लावायला. मोठा हवा.”

पेंटर बोर्ड घेऊन गेला. रिकामं दार पाहून मालकाचा खुशीत फोन आला. “ताई, ऐकलंत माझं. बरं केलंत, उतरवलात.”

“उतरवलेला नाही. रंगवायला दिलाय.”

पण बोर्ड येईपर्यंत दार मुकंच होतं, आणि ते तिला सहन होईना. तिनं आपलं टेबल खाली नेऊन दारातच मांडलं. एका बाईनं विचारलं, “ते कार्यालय इथेच का?” व्यवस्थापिकेनं “हो, वर” म्हटलं आणि स्वतःचा आवाज ऐकून ओशाळली. तो थेट आईचा आवाज होता. पुढच्या माणसाला तिनं पूर्ण नाव सांगितलं. त्याच्या पुढच्याला समोरच्या फुटपाथवर ऐकू जाईल असं.

दुपारी वकीलबाई लॅपटॉप घेऊन खाली आली. मग काका खुर्ची घेऊन आले आणि रस्त्यावरूनच एका दफनाची वेळ ठरवू लागले. जेवणाचे डबेही तिथेच भरले जाऊ लागले. आईचा फोन आला.

“कुठे आहेस? गाड्यांचा आवाज येतोय.”

“दारात बसलेय.”

“मफलर घाल मग,” एवढं म्हणून आईनं फोन ठेवला.

मालक करार घेऊन आला तेव्हा त्याला आत शिरायला वाट नव्हती. “ताई, जरा हळू. सगळ्या रस्त्याला कळतंय.”

“कळतंय ना? मग ठीक चाललंय.” तिनं करार घेतला, नावाच्या कलमावर आडवी रेघ मारली आणि सही केली.

“असं चालत नाही.”

“चालतं,” वकीलबाई वर न बघता म्हणाली. “रेघेपाशी दोघांच्या सह्या लागतात. नाहीतर नवे भाडेकरू शोधा. त्यांना प्रिंटरबद्दल आम्ही सांगूच.”

मालकानं खिसे चाचपले. पेन सापडेना, किंवा त्याला सापडायला नको होतं. व्यवस्थापिकेनं आपलं पुढे केलं. एकदा त्यानं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि मांडीवर कागद ठेवून सही केली.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ आले. मालकाच्याच जवळ जाऊन, इकडेतिकडे बघत, अगदी हळू त्यांनी काहीतरी विचारलं.

“दुसरा मजला,” मालक तितक्याच हळू म्हणाला.

“पूर्ण नाव सांगा,” व्यवस्थापिका म्हणाली. “आणि जरा मोठ्यानं.”