न गेलेले मेल

कमलाकांतांनी 'पाठवा'वर बोट इतकं जोरात दाबलं की माऊसच टेबलावरून सरकला. पडद्यावर पुन्हा तीच लाल पट्टी. तिच्यातला 'एरर' एवढा शब्द वाचून त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली.

"गेला काय ता?" ओट्यापाशी कोथिंबीर निवडणाऱ्या बायकोने, उर्मिलेने विचारलं.

"कसला जातोय! सर्व्हर हलवला म्हणे. हलवला तो हलवला, वर बिघडवून ठेवला."

ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस तेच, म्हणून मंडळाचा कॉम्प्युटरही घोडपदेवच्या त्यांच्याच खोलीत. धाकटा भाऊ राजाराम गावी असे आणि मंडळाचं तिथलं काम बघे. मे महिन्यात कमलाकांतांनी त्याला न विचारता गावच्या घराची मागची पडवी पाडली, स्लॅब घातला, आणि राजाराम जो बिथरला तो बिथरलाच. यंदा माझा गणपती वेगळा, म्हणाला. कोकणात भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात, त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. गणपती वेगळा झाला की मात्र घर संपलं. नागपंचमीला मूर्तिकाराकडे पाट द्यायचा, त्या पाटावर मूर्ती घडायची. राजारामने आपला दुसरा पाट दिला की मग बोलायला काही उरणार नव्हतं, आणि नागपंचमी उद्यावर आली होती. फोन तो उचलत नव्हता, घरच्या ग्रुपमधूनही निघून गेला होता. मंडळाचा मेल तेवढा त्याला वाचावाच लागे.

म्हणून कमलाकांत कालपासून लिहीत होते. पहिला मेल तावातावाने: बापाचं नाव बुडवलंस, लाज कशी वाटत नाही तुला. एरर. गेलाच नाही म्हटल्यावर पुन्हा लिहिताना त्यांनी बापाला वगळलं. परत एरर. मग लाजही वगळली. दर खेपेला मेल लहान होत गेला आणि आत्ता एवढाच उरला होता: 'राजा, पडवी पाडण्याआधी तुला विचारायला हवं होतं. पाट वेगळा देऊ नको. मला ते सोसायचं नाही.' हे लिहिताना त्यांना रडू आलं होतं. उर्मिलेने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

थोड्या वेळाने भोईवाड्याहून रुपाली आली. मंडळाचे मेल नव्या सर्व्हरवर तिनेच नेलेले.

"काय गो, काय घोळ घातलास? एक मेल धड जात नाही."

"काका, बघू तरी द्या आधी."

तिने लाल पट्टी शेवटपर्यंत वाचली. मग स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिला. पट्टी आली, आणि तिच्या हातातला मोबाइलही वाजला.

"अहो, जातायत की! पाठवलेल्या मेलची प्रत ठेवायचं फोल्डर कॉम्प्युटरला सापडत नाहीये. जुन्या सर्व्हरवर त्याचं नाव वेगळं होतं, ते बदलायचं माझ्याकडून राहिलं. सॉरी. एरर फक्त तेवढ्याचाच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे सगळे मेल पोचलेत."

कमलाकांत खुर्चीवरून उठलेच. "सगळे? पहिल्यापासून?"

"हो."

"मागे घेता येतात काय गो?"

रुपालीने नकारार्थी मान हलवली. कमलाकांतांनी कपाळाला हात लावला. "वाटोळं केलं मी. स्वतःच्या हाताने केलं."

"असा लिवलात तरी काय?" उर्मिला हातातली जुडी टाकून उठली. त्यांनी पडदा बंद करून टाकला.

दुपारी फोन वाजला. राजाराम. कमलाकांतांनी तो पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा, आत्ता मेल उघडलंय. नुसती रास पडली हा तुझी. सगळ्यात वरचो, बारको, तो वाचलंय."

"आणि पाट?"

"एकच जातलो. नेहमीचो."

कमलाकांतांनी डोळे मिटले. मग घाईघाईने म्हणाले, "राजा, ते खालचे उघडू नको. पुसून टाक."

"पुसूचंय नाय. चतुर्थीक ये, नि माझ्यासमोर बसून मोठ्यान वाचून दाखव. तोंडावर बोलूची हिंमत हा काय ता बघतंय."

"येतंय," कमलाकांत म्हणाले. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.